जादूचे नियम कुणी ठरवले?

राक्षसाचा जीव पोपटात असतो, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. पोपट सापडला की राक्षस संपला. म्हणजे जादूलाही नियम लागतो. नियमच नसेल तर काहीही घडेल, मग ऐकणारीला कुणाची काळजी वाटायची?

आज ज्या बाईबद्दल बोलायचंय तिने असे नियम घडवले, आणि बऱ्याच वर्षांनी ते स्वतःच तपासले. उर्सुला ले ग्विन. जन्म १९२९, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी. वडील आल्फ्रेड क्रोबर तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषा आणि चालीरीती नोंदवायचे. १९११ मध्ये याही जमातीतला उरलेला एकटा माणूस त्यांच्या संग्रहालयात राहायला आला. त्याने आपलं नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याच्या लोकांत तशी रीतच नव्हती. मग सगळे त्याला ‘इशी’ म्हणू लागले. त्याच्या बोलीत त्याचा अर्थ नुसता ‘माणूस’. उर्सुलाच्या आईने, थिओडोराने, १९६१ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिलं.

१९६८ मध्ये उर्सुलाचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ आलं. अर्थसी हे बेटांचं जग. तिथे प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरं नाव असतं. ते ज्याला कळलं त्याची सत्ता चालते. म्हणून माणसं खरं नाव लपवतात, अगदी विश्वासातल्यालाच सांगतात. मला यात इशी दिसतो. आणि आपल्याला तरी हे परकं कुठे? नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यातच, आणि लग्नात ताटातल्या तांदळावर आपलं नाव बदललेलं किती जणींनी पाहिलंय!

दुसरा नियम तोलाचा. इथे मंत्राने पाऊस पाडला तर दुसरीकडे कोरड पडू शकते. म्हणून शहाणा जादूगार पावसात गपगुमान भिजतो.

या पुस्तकाचा नायक गेड हा बकऱ्या राखणारा, आई नसलेला पोरगा. त्याची मावशी गावची वैदू, मंत्र जाणणारी. तिचा एक मंत्र कानावर पडतो, तो हा पोरगा बकऱ्यांवर म्हणून बघतो. झालं! सगळ्या बकऱ्या त्याला चिकटून उभ्या, हटायलाच तयार नाहीत. शेवटी मावशीच सोडवते आणि त्याला पहिले धडे देते. पण पुढे तो रोक बेटावरच्या मोठ्या शाळेत जातो, तिथे फक्त पुरुष. गावातल्या बायकांच्या जादूला तिथले लोक कमअस्सल म्हणतात, आणि पुस्तकही त्यावर काही बोलत नाही.

दुसऱ्या पुस्तकात (१९७१) टेनार नावाची मुलगी येते. देवळासाठी लहानपणीच आईपासून तोडलेली, नावही काढून घेतलेली. ते नाव गेड तिला परत मिळवून देतो. तिसरं पुस्तक १९७२ मध्ये आलं आणि लेखिका या जगाबद्दल थांबली.

१८ वर्षं गेली. १९९० मध्ये ‘टेहानू’ आलं, ते माझ्या सगळ्यात आवडीचं. टेनार आता शेतकऱ्याची विधवा. स्वतःच्या माणसांनीच आगीत लोटलेल्या एका पोरीला ती घरी आणते. चेहरा भाजलेला, एक हात निकामी. गेडची सगळी विद्या संपलेली, तो पुन्हा बकऱ्या राखायला डोंगरावर जातो. लढाया जवळजवळ नाहीत. शेत, शेळ्या, चूल, आणि बाईच्या अंगी कसली ताकद असते याबद्दल बायकांचं बोलणं. काही वाचकांना हे रुचलं नाही. १९९२ मध्ये ऑक्सफर्डच्या भाषणात लेखिकेने सांगितलं की वीरकथांची जुनी वहिवाट पुरुषांची, आणि सुरुवातीला आपणही तीच धरली होती.

मग तिने आधीचं खोडलं का? नाही. गेडची पुस्तकं आहेत तशीच ठेवली. २००१ च्या ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’मध्ये ती या जगाच्या आणखी मागच्या काळात गेली. तिथे कळतं, की रोकची ती शाळा उभी करणाऱ्यांत बायका होत्या. बाहेर काढलं ते नंतर, तिथल्या पहिल्या मुख्य जादूगाराने.