नेलीची धूळ

परवा समोरच्या चाळीवरचे जुने सिमेंटचे पत्रे काढत होते. हातोडा घालून फोडायचे, तुकडे खाली टाकायचे, वर खराट्याने कोरडंच झाडायचं. मी ओरडलो, तर त्यातला विशीतला पोरगा म्हणाला, "काका, धुळीने काय होतंय?"

मला नेली कर्शॉ आठवली. इंग्लंडात रॉचडेलच्या कारखान्यात ती अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातायची. १९२४ साली गेली, वय ३३. डॉ. विल्यम कुक यांना तिच्या फुफ्फुसांत खनिजाचे कण सापडले. कंपनीने मात्र जबाबदारी झटकली. १९३० साली मेरेवेदर आणि प्राइस यांचा अहवाल आला. सांगणं सरळ होतं, धूळ उडू देऊ नका. १९३१ साली नियम झाले, पण मुख्यतः कारखान्यांसाठी. बांधकामावर पत्रे कापणारे, फोडणारे बहुतेक बाहेरच राहिले. ब्रिटनमध्ये पूर्ण बंदी यायला १९९९ उजाडलं!

खरं तर पत्रा धड असेल तर त्याला हात लावू नये. काढायचाच तर जाणत्या माणसाकडून, भिजवून, अख्खा उतरवावा. तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये बंद करावेत. झाडू तर नकोच, आणि तोंडाला बांधलेला रुमालही पुरत नाही.

हा आजार वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतो. त्या पोराला काही झालंच, तर तो पन्नाशीला आलेला असेल. तेव्हा ही सकाळ कुणाला आठवणार?