लाल वाइनचे किण्वन : शाश्वत पद्धती

काळ्या द्राक्षांचा रस साली व बियांसह आंबवताना ऊर्जा, पाणी आणि रसायने यांचा वापर कमीत कमी ठेवून त्या क्रियेवर नियंत्रण राखण्याच्या पद्धती. पांढऱ्या वाइनसाठी रस आधीच वेगळा काढतात. लाल वाइनचा रंग आणि तिला तुरटपणा देणारी टॅनिन द्रव्ये मात्र मुख्यतः सालींतून उतरत असल्याने रस व साली एकत्रच आंबवाव्या लागतात.

यीस्ट साखरेपासून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड तयार करते आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर खर्च झाली की मद्यार्क एक टक्क्याने वाढतो. द्राक्षांच्या रसात ही साखर लिटरमागे २२० ते २४० ग्रॅम असू शकते, त्यामुळे उष्णता काढून न घेतल्यास मोठ्या टाकीतले तापमान यीस्ट मरण्याइतके चढते. ते साधारणपणे २५ ते ३० अंश सेल्सियस राखतात आणि त्यासाठीच्या शीतकरणावर बरीच वीज खर्च होते. काढणीच्या वेळेमुळे हा खर्च कमी होऊ शकतो. नाशिक परिसरात एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) व पावसाळा सरताना गोडी छाटणी (फळांसाठी) करून काढणी जानेवारी ते मार्च या काळात आणतात. त्यातही पहाटेच्या गारव्यात खुडलेली द्राक्षे थंडच टाकीत येतात. हा स्वस्त आणि परिणामकारक उपाय होय.

वायूबरोबर वर येणाऱ्या सालींच्या थराला ‘कॅप’ म्हणतात. ती सुकू नये म्हणून पंपाने रस वर फिरवतात किंवा थर दाबून बुडवतात. इटलीत विकसित झालेल्या एका प्रकारच्या टाकीत किण्वनातलाच वायू साठवून एकदम सोडतात व त्याच्या जोरावर कॅप ढवळली जाते; फुकट वाया जाणारी शक्ती कामी लावणारी ही रचना विशेष उल्लेखनीय आहे.

सल्फर डायऑक्साइडचा वापर घटवण्यासाठी मेट्श्निकोविया पुल्केरिमासारखे संरक्षक यीस्ट आरंभीच मिसळतात. मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणूही यीस्टबरोबरच सोडल्यास टाकीची मूळ ऊब पुरते आणि ती पुन्हा तापवावी लागत नाही. उरलेल्या चोथ्याचे खत होते, बियांपासून तेल निघते.

गारव्यातल्या काढणीचा लाभ मात्र सर्वत्र सारखा मिळत नाही. तमिळनाडूत द्राक्षे मुख्यतः थेनी जिल्ह्यातील कंबम खोऱ्यात पिकतात. तेथील ‘पन्नीर’ द्राक्षाला, म्हणजे मस्कॅट हॅम्बर्ग या जातीला, भौगोलिक मानांकन आहे. या खोऱ्यात वर्षातून एकाहून अधिक पिके निघतात, म्हणून हिवाळी काढणीचा नाशिकचा लाभ तेथे प्रत्येक पिकाला मिळत नाही.