खरखरीची पेटी

संगीताच्या दरबारात बिघाडाला मानाचा पाट मिळाल्याची उदाहरणे थोडीच. तार तुटली की मैफल थांबते, भाता फाटला की हार्मोनियम दुरुस्तीला जाते, तबल्याची शाई उडाली की बुवा तबलजीकडे अशा नजरेने पाहतात की तो बिचारा पुढच्या समेवर चुकलाच पाहिजे. इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत मात्र उलटे घडले. यंत्र बिघडले, आवाज फाटला, आणि वादक म्हणाले, दुरुस्त करू नका. उलट हाच बिघाड हुकमी करून देणारी एक पेटी आम्हांला बनवून द्या! दिवाळीच्या दिवसांत घरोघरी मुले कामट्या बांधून, कागद चिकटवून आकाशकंदील करीत असतात. तेव्हा घरी बनवायच्या आणि घरीच रंगवायच्या या पेटीचा इतिहास याच अंकात सांगायला हरकत नसावी.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज वायरीतून अँप्लिफायरकडे जातो. या वाटेत जमिनीवर एक लहानशी धातूची पेटी ठेवतात. तिला म्हणतात पेडल. वर फिरवायची दोन-तीन बटणे आणि पायाने दाबायची एक कळ. कळ दाबली की आवाजाचे रूप पालटते. कुठली पेडल आवाज लांबवते, कुठली त्याला हेलकावे देते. पण या साऱ्यांची थोरली बहीण म्हणजे फझ, आमच्या भाषेत खरखर. आपल्याला तिचीच कुळकथा सांगायची आहे.

1951 साली मिसिसिपीहून काही वादक मोटारीने मेम्फिसला ध्वनिमुद्रणासाठी निघाले. वाटेत विली किझार्ट या गिटारवादकाच्या अँप्लिफायरला इजा झाली. तो टपावरून पडला की पावसात भिजला, याबद्दल दोन कथा सांगतात. दुसरा अँप्लिफायर आणायला ना वेळ ना पैसा. स्पीकरच्या फाटक्या कागदात रद्दी कोंबली आणि वाजवले. ‘रॉकेट 88’ हे ते गाणे. आवाज भरड आला, आणि लोकांना तोच आवडला. पुढे लिंक रे या वादकाने 1958 च्या ‘रंबल’साठी पेन्सिलीने आपल्या स्पीकरला भोके पाडली. त्या रचनेत एकही शब्द नव्हता, तरी काही रेडिओ केंद्रांनी तिच्यावर बंदी घातली! शब्दांवाचूनही चावट वाटावा असा आवाज निर्माण करणे ही साधी कामगिरी नव्हे. 1964 मध्ये लंडनच्या डेव्ह डेव्हिस या पोराने दाढीच्या पात्याने स्पीकर चिरला. म्हणजे या मंडळींची कला स्पीकर फाडण्यापलीकडे गेली नव्हती. आणि स्पीकर काही रोज फाडता येत नाही.

पेटी जन्माला आली ती नॅशव्हिलमध्ये. तिथल्या एका स्टुडिओत मार्टी रॉबिन्सचे ‘डोन्ट वरी’ हे गाणे मुद्रित होत होते. ग्रेडी मार्टिन सहा तारांच्या बास गिटारवर मधला तुकडा वाजवू लागला आणि मुद्रणयंत्राची एक वाहिनी ऐन वेळी बिघडली. आतला ट्रान्सफॉर्मर दगा देत होता. गोड, शांत गाण्याच्या मधोमध एखादी माजघरातली घूस गुरगुरावी असा आवाज आला. तो तुकडा तसाच ठेवला गेला. 1961 साली गाणे बाहेर पडले आणि तिकडच्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. मग इतर कलावंतही तोच आवाज मागत आले. पण ग्लेन स्नॉडी हा तिथला ध्वनियंत्री सांगत असे की, तोवर तो ट्रान्सफॉर्मर पुरताच मेला होता. बिघाडच बिघडला, आता काय करता? स्नॉडीने रेव्हिस हॉब्स या जोडीदाराला हाताशी धरले, तीन ट्रान्झिस्टर घेतले, दीड-दीड व्होल्टचे दोन सेल लावले आणि तो बिघाड पेटीत बसवला. गिब्सन कंपनीने 1962 साली ही पेटी ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विकायला काढली. जाहिरात अशी की, हिच्यातून गिटार ट्रॉम्बोनसारखी वाजेल, चेलोसारखी वाजेल. लोकांना ना ट्रॉम्बोन हवा होता ना चेलो. माल दुकानात धूळ खात पडला. 1965 साली रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्याची सुरावट तिच्यातून वाजवली, तेव्हा कुठे दुकाने रिकामी झाली. गंमत अशी, की रिचर्ड्सच्या मते ती नुसती कच्ची खूण होती. पुढे त्या जागी पितळी वाद्ये बसवायची होती.

इथे एखादा शास्त्रीय संगीताचा चाहता नाक मुरडील. त्याला मी मिरजेला नेऊ इच्छितो. तंबोऱ्याची तार घोडीवर जिथे टेकते तिथे सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. ती लागली की तार घोडीच्या किंचित गोलाईवर घासत, चाटत कंप पावते, आणि मूळ स्वरातून उपस्वरांचे मोहोळ उठते. धागा काढा, तंबोरा ‘शुद्ध’ होतो, आणि ऐकवत नाही! म्हणजे तारेच्या नितळ नादात मुद्दाम झणत्कार मिसळण्याचा उद्योग आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. फझच्या पेटीतही तत्त्व हेच, मार्ग निराळा. आवाजाची लाट म्हणजे गोल माथ्याची टेकडी समजा. ट्रान्झिस्टर ती फुगवीत नेतो. पण सेलच्या व्होल्टेजपलीकडे त्याला जाता येत नाही, म्हणून माथा कापला जातो. टेकडीचे पाचगणीचे टेबललँड होते. आणि लाटेचा माथा सपाट झाला की तिच्यातही उपस्वरांची गर्दी होते. जवारीचा झणत्कार आणि फझची खरखर यांना मी सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी म्हणेन.

आणखी एक योगायोग सांगतो. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, शस्त्रे घासून-पारजून देणारे. इकडे लंडनमध्ये जिमी हेंड्रिक्ससाठी पेट्या बनवणारा रॉजर मेयर हा ब्रिटिश नौदलाच्या खात्यात कंपने आणि ध्वनी यांचे पृथक्करण करी. शस्त्रांच्या सावलीतली माणसे वाद्यांकडे वळतात, हे आपल्याकडे घडले तसे तिकडेही घडले.

लंडनमध्ये या पेटीला खरे बाळसे आले. गॅरी हर्स्टने 1965 साली ‘टोन बेंडर’ बनवली. पहिल्या काही पेट्या चक्क लाकडी होत्या. 1966 मध्ये आर्बिटर कंपनीची ‘फझ फेस’ आली. ही गोल, थाळीसारखी. मायक्रोफोनच्या स्टँडची बैठक पाहून हा आकार सुचला असे सांगतात. वरची दोन बटणे म्हणजे डोळे, खाली कंपनीचे नाव असे वळणदार की हसरे तोंड वाटावे. आत काय होते? दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कंडेन्सर आणि दोन व्हॉल्युम कंट्रोल. सारे मिळून अकरा नग! हेंड्रिक्सच्या गिटारची ती गर्जना या अकरा नगांतून निघे. स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यात मावेल एवढा हा संसार.

आता माझा संबंध सांगतो. 1968 ते 2004 मी पुण्यात रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवले. छत्तीस वर्षे लोक माझ्याकडे खरखर घेऊन येत आणि ती काढून टाकण्याचे मला पैसे देत. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये 1962 साली जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनू लागले. त्यांतला एसी 128 हा आमच्या धंद्यातला अगदी घरचा माणूस. शेंगदाण्याएवढी धातूची नळी आणि तीन पाय. रेडिओच्या शेवटच्या टप्प्यात हे जोडीने बसत. दुकान बंद केले तेव्हा एक खणभर माल उरला होता. दोन वर्षांपूर्वी माझी नात मला म्हणाली, “आजोबा, तुमच्याकडे एसी 128 आहेत का हो?” अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलीच्या तोंडी हे नाव ऐकून मी चष्मा काढून तिच्याकडे पाहिले. तेव्हा कळले की, सुरुवातीच्या फझ फेसमध्ये ज्या जातीचे ट्रान्झिस्टर बसत, त्यांत हा माझा एसी 128 सुद्धा होता. मी म्हणालो, “अगं, ज्याच्यातून आम्ही खरखर घालवली त्यातूनच तू ती काढणार?” ती म्हणाली, “आजोबा, घालवायची कशी ते तुम्हांला माहीत आहे, म्हणून तर आणायची कशी ते तुम्हांलाच विचारते.”

मग खण उघडला. जर्मेनियम हा मोठा लहरी प्राणी. एकाच कारखान्यातले, एकाच दिवशीचे दोन ट्रान्झिस्टर सारखे निघतील तर शपथ. कुणी सिग्नल सत्तर पट वाढवतो, कुणी दीडशे. कुणी बंद असतानाही गळक्या नळासारखा वीज झिरपू देतो. शिवाय उष्णता वाढली की हे झिरपणे दर दहा अंशांना जवळजवळ दुप्पट होते. म्हणून डिसेंबरात गोड वाजणारी पेटी मे महिन्याच्या दुपारी घसा बसल्यासारखी करते. तेव्हा एकेक मोजून निवडावा लागतो. पहिल्या जागी सत्तर-ऐंशीचा, दुसऱ्या जागी शंभर-सव्वाशेचा. आम्ही दोघांनी 24 मोजले, कामाचे 7 निघाले. गळणारे आम्ही टाकायला निघालो तर तिने ते निराळ्या डबीत ठेवले, निराळ्या खरखरीसाठी. उरलेले सामान तपकीर गल्लीत मिळाले. आज जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर सहसा कुणी बनवत नाही. जुन्या बाजारात किलोवर विकले जाणारे मोडके रेडिओ पाहिले की आता माझा हात आपोआप खिशाकडे जातो.

पेटीचे काम सर्किटापेक्षा जिकिरीचे. ती धातूची हवी. लाकडात किंवा प्लॅस्टिकमध्ये बसवले तर घरातल्या विजेचा गुणगुणाट आत शिरतो, आणि फझसारखे हावरे सर्किट कधी कधी रेडिओचे केंद्रही पकडते. ऐन मैफलीत बाजारभाव ऐकू यायचे. बहुतेक घरगुती कारागीर ओतीव अॅल्युमिनियमची पेटी वापरतात. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातही काम भागते. आधी भोके पाडायची, मग रंग. उलटे केले तर ड्रिलने रंगाच्या खपल्या निघतात. पायाच्या कळीला 12 मिलिमीटर, वायरीच्या सॉकेटला साडेनऊ, बटणांना सात. भोक मिलिमीटरभर चुकले की कळ आतल्या सेलवर जाऊन बसते.

सजावटीचे प्रकार अनेक. कुणी रंगाचे थर देऊन छोट्या भट्टीत भाजतात, कुणी कागदी चित्र चिकटवून वर लाखेचे हात देतात. नातीने कोरण्याचा मार्ग घेतला. आईच्या नेलपॉलिशने पेटीवर चित्र काढले आणि उघड्या गच्चीवर, हातमोजे घालून, ती फेरिक क्लोराइडमध्ये बुडवली. हे द्रावण अॅल्युमिनियमवर असे तुटून पडते की भांडे गरम होते आणि वाफा निघतात. लहान मुलांनी यापासून लांबच राहावे. नेलपॉलिशखालचा भाग वाचला, बाकीचा खोल गेला. खोलगट भागात काळा एनॅमल भरून वरून पॉलिशपेपर मारला, तेव्हा चित्र चकाकत उमटले. चित्र कशाचे? जुन्या रेडिओच्या डायलचे! पुणे, मुंबई, सिलोन अशी केंद्रे आणि मध्ये काटा. एका बटणाखाली लिहिले ‘आवाज’, दुसऱ्याखाली ‘खरखर’.

पेटी सजवण्याची ही हौस जगभर आहे. ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात क्लाउदिओ सेझार दियास बाप्तिस्ता या तरुणाने साठीच्या दशकात आपल्या धाकट्या भावांच्या ‘ऊस मुतांतिस’ या वाद्यवृंदासाठी गिटारच्या पोटातच असली सर्किटे बसवली, तिला सोन्याचा मुलामा दिला, आणि वाद्याचा अनादर करणाऱ्याला शाप देणारी पाटी वर लावली. अमेरिकेत मिनियापोलिसचा झॅकरी वेक्स 1990 नंतरच्या दशकात हाताने रंगवलेल्या पेट्या विकू लागला. आज त्या दुकानातल्या काचेमागे दिसतात.

ही विद्या घरोघरी पोहोचली ती क्रेग अँडर्टनच्या 1975 सालच्या पुस्तकामुळे. सोल्डर कसे मारायचे इथपासून त्याने वादकांना शिकवले. पण दुसरी बाजूही आहे. काही कारागीर आपल्या सर्किटावर काळी राळ ओततात, ट्रान्झिस्टरवरचे नंबर खरवडून टाकतात, कुणी नक्कल करू नये म्हणून. आपल्याकडे चीज शिकवताना अस्ताई देऊन अंतरा पोटात ठेवणारे उस्ताद होऊन गेले, त्यांचीच ही जात. त्यांच्या पोटापाण्याची काळजी मला समजते. पण राळेखालची पेटी बंद पडली की दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. ती कचऱ्यात जाते. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे पाहवत नाही.

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत पाठीमागचा पुठ्ठा काढला की पुष्कळदा आत नकाशा चिकटवलेला सापडे, कुठला व्हॉल्व्ह कुठे बसतो त्याचा. किती रात्री त्या पिवळ्या पडलेल्या कागदांनी मला वाट दाखवली आहे! नातीने पेटीचे खालचे झाकण लावण्यापूर्वी त्याच्या आतल्या बाजूस पांढऱ्या एनॅमलने सर्किट काढले. अकराच्या अकरा नग, प्रत्येकाची किंमत, दोन्ही ट्रान्झिस्टरांची मोजलेली मापे, आणि कोपऱ्यात तारीख. रंग वाळायला रात्र लागली. सकाळी मी चार स्क्रू आवळले.