पाचवी मागणी : कामगारांच्या नुकसानभरपाईचा पूर्वेतिहास

हैदराबादच्या दिलसुखनगर भागात आज दुकाने, शिकवणीवर्ग आणि वसतिगृहे यांची दाटी आहे. अशी एखादी इमारत उभारताना परांचीवरून पडून मजुराचा हात निकामी झाला, तर त्याच्या संसाराचा भार कोणी उचलावयाचा? या प्रश्नाचे कायद्याने दिलेले उत्तर आपण आज गृहीत धरतो. परंतु हा प्रश्न मुंबईच्या गिरणी-कामगारांनी 1884 सालीच संघटित मागणीच्या रूपाने मांडला होता, ही गोष्ट आपल्या सामाजिक इतिहासाच्या लेखनात जेमतेम एखाद्या वाक्यापुरती येते. ती अधिक विचारास पात्र आहे.

त्या काळची कायद्याची स्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. 1855 च्या प्राणघातक अपघातविषयक कायद्याने मृताच्या वारसांना दावा लावण्याची वाट दिली होती. पण प्रतिपक्षाचा दोष सिद्ध करण्याचा भार दावेदारावरच होता. शिवाय सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली असेल तर मालक जबाबदार नाही, असे इंग्रजी न्यायतत्त्व होते. पट्ट्यात हात सापडलेल्या निरक्षर माणसाने वकील कोठून आणावा आणि पुरावा कोणाकडून मिळवावा? जे मिळे ते मालकाच्या मर्जीने. त्याला हक्क हे नाव नव्हते.

अशा वेळी सत्यशोधक परंपरेतले आणि ‘दीनबंधु’ पत्र चालविणारे नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. ते स्वतः एका गिरणीत भांडारपालाचे काम केलेले असल्यामुळे गिरणीचे अंतरंग त्यांना ठाऊक होते. सप्टेंबर 1884 मध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांच्या पुढाकाराने सभा भरली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन मुंबई सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यात आले. त्यात पाच मागण्या होत्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार या पहिल्या चार. पाचवी मागणी अशी होती की, कामावर गंभीर दुखापत झालेल्यास तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचे पंगुत्व आल्यास त्याच्या उपजीविकेची सोय व्हावी.

या मागणीत दोष कोणाचा, हा प्रश्नच नाही, हे विशेष होय. इजा कामावर झाली एवढे पुरे. त्याच वर्षाच्या जुलै महिन्यात बिस्मार्कच्या जर्मनीने अपघात-विम्याचा कायदा केला, तोही याच तत्त्वावर. इंग्लंडला तसा कायदा करण्यास 1897 साल उजाडावे लागले. परळच्या सभेला जर्मनीची वार्ता होती, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. यंत्राने एकच दुःख दोन्हीकडे निर्माण केले आणि दोन्हीकडे माणसे एकाच निष्कर्षाला आली, एवढेच म्हणावयाचे आहे.

रविवारची सुटी 1890 च्या जून महिन्यात गिरणीमालकांनी मान्य केली. पाचव्या मागणीला मात्र चाळीस वर्षे थांबावे लागले. लोखंडे 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करीत असतानाच निवर्तले. पुढे 1920 मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, 1921 पासून नारायण मल्हार जोशी मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांची बाजू मांडू लागले, आणि 1923 मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. तो 1 जुलै 1924 रोजी अंमलात आला. मृत्यू आल्यास तीस महिन्यांचे वेतन किंवा 2,500 रुपये, कायमचे पूर्ण पंगुत्व आल्यास बेचाळीस महिन्यांचे वेतन किंवा 3,500 रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती द्यावयाची होती. मृत्यूच्या प्रकरणी पैसे आयुक्ताकडेच भरण्याची अट होती. त्यामुळे विधवेच्या अंगठ्यावर थोडक्यात मिटविण्याचा मार्ग बंद झाला.

हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. नांदेडची उस्मानशाही गिरणी आणि वरंगळची आझमजाही गिरणी निजामाच्या राज्यात असल्यामुळे तो तेथे आपोआप पोचत नव्हता. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. 1956 मध्ये नांदेड मुंबई राज्यात आणि हैदराबाद आंध्र प्रदेशात गेले. आज दिलसुखनगरचा मजूर आणि नांदेडचा मजूर वेगवेगळ्या राज्यांत असले, तरी या बाबतीत एकाच केंद्रीय कायद्याखाली आहेत. 1948 च्या राज्य विमा कायद्याने मालक व कामगार यांच्या वर्गणीतून अपघाताची सोय केली. 1923 च्या कायद्याची जागा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे.

तरीही सुपारीबागेतील मागणीशी ताडून पाहिले असता एक उणीव राहतेच. तात्पुरत्या अपंगत्वासाठी 1923 च्या कायद्याने फार तर निम्मे वेतन दिले, आणि नव्या संहितेतील नुकसानभरपाईचे प्रमाणही निम्मेच आहे. विमा योजनेत ते नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. पण दहापेक्षा कमी माणसे राबविणारी बहुतेक लहान दुकाने आणि कामे तिच्या बाहेर राहतात. ‘बरा होईपर्यंत पूर्ण पगार’ हे 1884 चे शब्द आजच्या कायद्याच्याही एक पाऊल पुढेच आहेत. त्या साडेपाच हजार सह्यांकडे जुन्या काळचा एक अर्ज म्हणून पाहणे म्हणूनच पुरेसे नाही. त्यांतील एक मागणी अद्याप निकालात निघावयाची आहे.