तापलेली गाठ

ताप आला की तो उतरवायचा, हे आपण घरोघर शिकलो. पण मंडळी, १८६६ साली जर्मनीतल्या बॉन शहरी बुश या शल्यवैद्याने उलटेच नोंदवले. चेहऱ्यावर गाठ असलेल्या रोग्याला धावरे होऊन सणसणून ताप भरला, आणि गाठ ओसरली! (श्रेय तापाचे की शरीराच्या प्रतिकाराचे, हा वाद निराळा.)

मेंदूतली गाठ मात्र कवटीच्या आत, जिवंत मेंदूत रुतलेली. मेंदू न भाजता ती शेकायची कशी? १९९८ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगात गाठीत सुया खुपसून किरणोपचाराला उष्णतेची जोड दिली. दोन वर्षे जगणारे शेकडा १५ ऐवजी ३१ निघाले.

पुढे बर्लिनमध्ये लोह-ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण गाठीत सोडून, सेकंदाला एक लाख आवर्तने करणारे चुंबकक्षेत्र लावले. कण तापतात, गाठ शेकते. सोबत किरणोपचारही होतेच. २०११ साली निष्कर्ष छापले: गाठ उलटलेल्या ५९ रोग्यांपैकी निम्मे त्यानंतर १३.४ महिन्यांहून अधिक जगले. तुलनेला दुसरा गट नव्हता. मी तरी याला विजय म्हणणार नाही. आणि बरं का, दातांत भरलेला धातूसुद्धा आधी काढावा लागे. शिवाय ते लोह डोक्यातच राही, म्हणून पुढे एमआरआयचे चित्रही नीट येत नसे.