रेसिडेन्सी बाजार ते सुलतान बाजार

हैदराबादचा सुलतान बाजार १९३३ सालापर्यंत राजधानीत असूनही निजामाच्या अमलाबाहेर होता. तेव्हा त्याला रेसिडेन्सी बाजार म्हणत आणि तिथला कारभार इंग्रज रेसिडेंट पाही. शांघायमध्ये परदेशी वसाहती होत्या, तसलाच हा प्रकार. फक्त आकाराने लहान.

१७९८ साली निजाम अलीने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. फ्रेंच सेनानी रेमाँने उभारलेली फ्रेंच अंमलदारांची फौज त्याच वर्षी मोडली गेली आणि दरबारात रेसिडेंटचे वजन वाढले. पुढे जेम्स कर्कपॅट्रिक या रेसिडेंटच्या काळात मुसी नदीच्या उत्तर काठावर रेसिडेन्सीची भव्य कोठी बांधायला घेतली गेली. जुने शहर दक्षिण काठावर होते. कोठीभोवती आधी नोकरचाकर आणि पुरवठादार राहायला आले, मागाहून सावकार आले. इंग्रजी संरक्षणात ठेवलेला पैसा दरबारी दांडगाईपासून सुरक्षित, हा त्यांचा हिशेब. तेव्हा या वस्तीची हद्द एखाद्या सर्वेक्षकाने आखली असे म्हणण्यापेक्षा ती बाजाराच्या वाढीने ठरत गेली, असे म्हणणेच रास्त ठरेल.

१७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांनी रेसिडेन्सीवर हल्ला चढवला. अब्बन साहेब आणि सावकार जयगोपालदास यांची घरे पुतळी बावडीच्या बाजूला, कोठीसमोरच होती. ती ताब्यात घेऊन तिथून गोळीबार झाला. कोठीतल्या तोफांपुढे बंडवाल्यांचा निभाव लागला नाही. अलाउद्दीन यांना अंदमानात धाडले, तुर्रेबाज खान कैदेतून निसटले आणि १८५९ मध्ये मारले गेले. हल्ल्यानंतर कोठीची तटबंदी पक्की झाली, बुरूज उठले.

त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत इथे रस्ता ओलांडला की पोलीस बदले, कोर्टही बदले. शहरात दोन नाणी चालत, निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजी कलदार. ढोबळमानाने ७ हाली म्हणजे ६ कलदार, त्यामुळे भाव ऐकताना रुपया कोणता, हे आधी विचारावे लागे. याहून मोठा फरक सभा-संस्थांच्या बाबतीत होता. निजामी मुलखात सभेला आधी परवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ हा अशा हुकुमांतला सर्वांत कुप्रसिद्ध. रेसिडेन्सीच्या आडोशाला मात्र थोडा मोकळा श्वास घेता येई. हैदराबादचा आर्य समाज १८९२ मध्ये आणि श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय १९०१ मध्ये निघाले, ते याच परिसराच्या आधाराने वाढले. मराठी मंडळींची वस्तीही इथे आणि शेजारच्या गौलीगुडा, इसामिया बाजार भागात होती. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये सुरू झालेली विवेकवर्धिनी शाळा ही त्यांची सर्वांत टिकाऊ कामगिरी. इंग्रजी सत्तेचा हेतू अर्थातच लोकशिक्षणाचा नव्हता. पण दोन कायद्यांमधल्या फटीचा लोकांनी उपयोग करून घेतला.

१९३३ मध्ये हा बाजार निजामाला परत मिळाला आणि त्याचे नाव सुलतान बाजार झाले. चादरघाट नगरपालिकाही त्याच वर्षी हैदराबादेत विलीन झाली. इंग्रजांच्याच अमलाखाली असलेल्या सिकंदराबादच्या नागरी भागाला मात्र निजामाकडे परतायला १९४५ पर्यंत थांबावे लागले.

बाजार जागचा हलला नाही, त्याच्याभोवतीची राज्ये मात्र बदलत राहिली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामी अंमल संपला. १९४९ मध्ये कोठीत उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे भाषेनुसार तुकडे झाले आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. सुलतान बाजार परिसरातले मराठी लोक त्या दिवसापासून आंध्र प्रदेशातले भाषिक अल्पसंख्याक ठरले. २०१४ पासून बाजार तेलंगणात आहे. मेट्रोच्या मार्गाला इथल्या व्यापाऱ्यांनी कडाडून विरोध केला होता. तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये मार्ग खुला झाला आणि तिथल्या स्थानकाला सुलतान बाजार हेच नाव मिळाले.