भिंतीवरचा वाघ

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहासावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु इतिहासच घरात येऊन भिंतीवर बसला, तर गृहिणीला त्याची चौकशी करावी लागते. आमच्याकडे तसेच घडले, म्हणून हे चार शब्द.

गेल्या दिवाळीत माझ्या भाच्याने चौकटीत बसवलेले एक मोठे चित्र आणले. जुनी विलायती राजकीय व्यंगचित्रे हल्ली अशी मोठी छापून, काच लावून, शोभेसाठी विकतात. चित्रात सिंहाने वाघावर झेप घेतली आहे आणि वाघाच्या पायांशी एक बाई व तिचे लेकरू पडले आहे. भाचा म्हणाला, "मामी, आपला जिल्हा ताडोब्याचा. घरात वाघाचे चित्र पाहिजेच." मीही हौसेने ते बाहेरच्या खोलीत दारासमोर लावले. येणारे-जाणारे वाहवा करीत. एकट्या सासूबाई मात्र म्हणाल्या, "आपल्या जंगलात सिंह कुठचा आला वं?"

सगळे हसले, पण प्रश्न खरा होता. माझ्या मुलीने चित्राखालची बारीक इंग्रजी अक्षरे वाचली. अर्थ असा : 'ब्रिटिश सिंहाचा बंगाली वाघावर सूड'. तेव्हा कळले की हा वाघ ताडोब्याचा नव्हे. तो वाघ म्हणजे आपण!

मग मुलीकडून व ग्रंथालयातून मी माहिती मिळवली. लंडनला १८४१ मध्ये 'पंच' नावाचे विनोदी साप्ताहिक निघाले. त्यात जॉन टेनिअल या चित्रकाराचे हे व्यंगचित्र २२ ऑगस्ट १८५७ रोजी आले. त्या काळी चित्र लाकडी ठोकळ्यावर काढीत, कारागीर ते कोरीत आणि मग त्याचे छाप निघत. कानपूरला जुलै महिन्यात इंग्रज बायकालेकरांची कत्तल झाली, त्या संतापात हे चित्र निघाले. ती कत्तल वाईटच. त्यात आपण आडपडदा ठेवू नये. परंतु कानपूरच्याही आधी अलाहाबादेकडे गोऱ्या फौजेने गावे जाळली, माणसे झाडांना टांगली. ते या चित्रात नाही. चित्र काढणाराने एकच बाजू दाखवली आणि सूडाला न्यायाचे रूप दिले.

हे सारे दूरचे वाटेल, म्हणून आपल्या भागाकडे वळते. भोसल्यांचे राज्य खालसा होऊन १८५४ मध्ये चांदा इंग्रजांकडे गेला. १८५८ मध्ये अहेरीकडचे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी तरुण जमवून सरकारविरुद्ध शस्त्र उचलले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये चिंचगुंडीजवळ तारायंत्राच्या छावणीवर हल्ला झाला व दोन इंग्रज मारले गेले. पुढे बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. म्हणजे चित्रातला सिंह चौदा महिन्यांत आपल्या रानापर्यंत पोहोचला होता. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

मग मनात आले, आपल्या लोकांनी उलट चित्र का लावले नाही? मुंबईत १८५४ मध्ये 'पारसी पंच' निघाले, पुढे त्याचेच 'हिंदी पंच' झाले. व्यंगचित्रे आपल्याकडेही होती. पुण्याला १८७८ मध्ये चिपळूणकर प्रभृतींनी चित्रशाळा काढली, मुंबईत १८९४ मध्ये रवि वर्म्यांचा छापखाना निघाला. दगडावरून छपाई होई, प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. तरी चित्र स्वस्त झाले आणि वाड्यातून साध्या घरात आले. पण घराघरांत लागले ते देव, पुराणातले प्रसंग, थोर पुरुष. सरकारला उघड हसणे सोपे नव्हते. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, आणि १९१० मध्ये सरकारने नाटक बंद केले. पुराणाचा पदर घेतला तरी ही गत! व्यंगचित्र मात्र वर्तमानपत्रातच राहिले, आणि वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी आपण डब्यांखाली अंथरतो. विलायतेची थट्टा काचेत बसली, आपली रद्दीत गेली.

घरात आता वाद सुरू झाला. आमच्या ह्यांचे म्हणणे, "काढून फेक ते." भाचा बिचारा ओशाळला, पैसे खर्चून त्याने प्रेमाने आणले होते. मला फेकणे पटेना. फेकले तर आपल्याला कोणी काय म्हटले होते, हे मुलांना कसे कळणार? आणि दारासमोर ठेवले, तर आपणच आपल्या अपमानाची आरास मांडल्यासारखे होई.

शेवटी मी ते चित्र मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत हलवले. बाबूरावांचे टपाल तिकीट २००९ मध्ये निघाले. मुलीने त्यावरचे चित्र मोठे छापून आणले, ते शेजारी लावले. दोहोंखाली मराठीत चिठ्ठी चिकटवली : चित्र कोणी काढले, केव्हा, आणि वाघ म्हणजे कोण. ती चिठ्ठी भाच्याच्याच हातून लिहवून घेतली. त्याचे मन राहिले, चित्रही राहिले.

भगिनींनो, घर सजवणे आपल्या हाती असते. देवाची तसबीर आपण दिशा पाहून लावतो. तशीच व्यंगचित्राचीही चौकशी करावी : यात हसतो कोण आणि हसे कोणाचे होते? बलवंताला हसणारे चित्र खुशाल दारासमोर लावावे. दुबळ्याला हसणारे असेल, मग तो दुबळा आपल्या जातीचा असो की परक्या, तर चिठ्ठीशिवाय लावू नये. काच पुसताना एकदा खालची बारीक अक्षरेही वाचावीत, एवढीच माझी विनंती.